आबांचा एकच शब्द

माझ्या सासऱ्यांनी पक्षाघातातून सावरल्यावर पहिला शब्द उच्चारला, तेव्हा आमच्या घरात कुणालाच आनंद झाला नाही.

रुग्णालयातली खोली होती. खाटेजवळ मी, माझा नवरा रणधीर आणि सासूबाई, म्हणजे माई. आबा कित्येक दिवस नुसते छताकडे बघत पडून होते. त्या सकाळी त्यांनी मान वळवून माईंकडे पाहिलं, वाकडा झालेला ओठ जमेल तेवढा सरळ केला आणि स्वच्छ म्हणाले, "धोंडी."

रणधीरनं आधी उठून दार लावलं.

धोंडी म्हणजे धोंडीराम कणसे. आमच्या बोरवंड गावातल्या विरोधी गटाचे पुढारी. आणि आबा, म्हणजे ज्ञानदेव तोडकर, आक्कासाहेबांच्या गटाचा आधारखांब. बोरवंडात हे गट म्हणजे काय प्रकार आहे ते बाहेरच्यांना सांगून पटत नाही. गावात दूध डेअऱ्या दोन, पतसंस्था दोन, तालमी दोन, गणपतीही दोन. ओढा तेवढा एकच आहे, तोही दोन करता येईना म्हणून. वरचे पक्ष येतात जातात, झेंड्यांचे रंग बदलतात, कालचे शत्रू मुंबईत एका गाडीतून उतरतात. त्या दिवशी गाव जरा गोंधळतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आपल्या गटाच्या डेअरीत दूध घालायला जातं. पलीकडच्या गटाच्या लग्नाला जायचं नाही, मयतीला जायचं नाही, त्यांच्या घरचं पाणी प्यायचं नाही. आबांनी हा नियम चाळीस वर्षं पाळला, आणि दुसऱ्यांकडून पाळून घेतला.

असा माणूस सगळी भाषा गमावून बसला आणि त्याच्या तोंडात उरलं ते धोंडीचं नाव.

मी स्वतः वाचोपचार करते, त्यामुळं मला यात नवल नव्हतं. मेंदूच्या डाव्या बाजूला भाषेचा कारखाना असतो. तो बंद पडला की काही रोग्यांच्या तोंडात एकच शब्द अडकून राहतो. त्यांना आपलं बोलणं कळतं, काय सांगायचं तेही मनात असतं, पण बाहेर येताना प्रत्येक गोष्ट त्या एका शब्दातूनच येते. कुणाच्या तोंडी शिवी राहते, कुणाच्या तोंडी देवाचं नाव. बोलण्याची चाल मात्र मेंदूच्या उजव्या बाजूला असते, ती शाबूत राहते. म्हणून तोच शब्द रागानं म्हणता येतो, लाडानं म्हणता येतो, प्रश्न म्हणूनही विचारता येतो. हे मी रणधीरला समजावून सांगितलं.

"हे तू गावाला समजावशील?" त्यानं विचारलं. "कलच्या युगात?"

कल हे यंत्रही माझ्याच शास्त्रातून आलेलं. आपण एखाद्याचं नाव उच्चारतो, त्याच्या अगदी निमिषभर आधी मेंदूतून निघालेली एक नस कामाला लागते. हीच नस हृदयाकडे जाते आणि तिची एक फांदी स्वरयंत्राकडे. आवडत्या माणसाचं नाव असलं तर स्वरतंतू किंचित सैल पडतात आणि श्वास जरा आधी सुटतो. नावडत्याचं असलं तर गळा आवळला जातो. कानाला हा फरक कळत नाही, यंत्राला कळतो. नैराश्य आणि कंपवात लवकर ओळखता यावा म्हणून कुणीतरी सद्भावनेनं हे शोधलं. मग एका हुशार माणसाच्या डोक्यात आलं की रोग्याकडून पुढाऱ्यांची नावं म्हणवून घेतली तर काय दिसेल.

दिसलं ते फारच उपयोगाचं होतं. वर्षा-दोन वर्षांत यंत्र शर्टाच्या बिल्ल्याएवढं झालं. समोरचा माणूस पुढाऱ्याचं नाव घेतो, गोडवे गातो की शिव्या देतो याच्याशी बिल्ल्याला काही देणंघेणं नाही. तो फक्त गळा ऐकतो. माणूस आपला असला तर हिरवा दिवा, पलीकडचा असला तर तांबडा. सक्ती कुणावरच नव्हती. सक्ती हा शब्द कुठल्याच कागदावर सापडायचा नाही. फक्त बिल्ल्यासमोर नाव घेतलं नाही तर डेअरीत दुधाची फॅट कमी लागायची.

पूर्वी बोरवंडचा माणूस दोन्ही गटांचं मटण खायचा, दोघांच्याही गाडीतून मतदानाला जायचा, दोघांनाही "तुमच्याशिवाय आहे कोण" म्हणायचा आणि पडद्याआड गेल्यावर आपल्या मनाचं करायचा. तेवढी एक जागा त्याची स्वतःची होती. पडदा अजून आहे, पण त्यामागं काय होणार ते आता डेअरीच्या खिडकीवरच कळतं. माझ्याकडे शाळेतले एक गुरुजी आले होते. म्हणाले, "मॅडम, आक्कासाहेबांचं नाव घेताना माझा गळा तेवढा सैल करून द्या. मनातनं वाईट न्हाई ओ त्यांच्याबद्दल, पण गळा ऐकतच न्हाई." मी त्यांना वाफ घ्यायला सांगितली. दुसरं काय सांगणार?

हळूहळू लोकांनी नावं घेणंच सोडलं. "साहेब" म्हणायला लागले, "ते पलीकडचे" म्हणायला लागले, तर बिल्ला तेही शिकला. मग पारावरची माणसं नुसती म्हशींविषयी बोलू लागली. अशा गावात आम्ही आबांना घरी आणलं.

पहिले काही महिने बरे गेले, कारण रणधीरनं कुणाला घरात येऊच दिलं नाही. आबा व्हरांड्यातल्या आरामखुर्चीत बसायचे आणि माई समोर काहीतरी निवडत बसायच्या. "धोंडीऽ" असं लांबवलं की डोळ्यावर ऊन आलेलं असायचं. "धोंडी, धोंडी" असं तुटक आलं की मोरीकडे न्यायचं. हलक्या आवाजात, शेवटी जरा वर उचलून म्हटलं की ती माईंना हाक. मला शास्त्र येत होतं, पण तो शब्द माईंना माझ्या आधी कळायचा. रणधीर तर दर वेळी विचारायचा, "काय पाहिजे म्हणतायत?" आणि माई मान वर न करता सांगायच्या, "चहा," नाहीतर "चादर काढा म्हणतायत."

एकदा मी दवाखान्यातलं यंत्र घरी आणलं आणि आबांचा आवाज तपासला. खरं तर मला नसेची तपासणी करायची होती. पण आकडे बघून मी चक्रावले. त्या नावाला आबांचा गळा इतका सैल पडत होता, की आईचं नाव घेतानाही कुणाचा तेवढा पडत नाही. अडकलेला शब्द बहुतेक वेळा पोकळ असतो. हा पोकळ नव्हता.

मी माईंना विचारलं. त्या लसूण सोलत होत्या.

"एका तालमीतली हायती ती दोघं," माई म्हणाल्या. "एका फडक्यातली भाकरी खायाचे. माझं लगीन झालं तवा वरातीत ह्यांच्या घोड्याचा लगाम धोंडीभावजींनीच धरला हुता. मग डेअरीची पयली निवडणूक लागली. आक्कासाहेबांचे सासरे, दादासाहेब, त्यांनी ह्यांना बोलवून घेतलं. धोंडीभावजी गेले पलीकडच्या गटात. झालं."

"नंतर कधीच बोलले नाहीत?"

"भावजींची आई वारली तवा हे रानात गेले. बांधावर हुबं ऱ्हाऊन लांबनं चितेचा धूर बघत हुते. घरी आले आणि जेवले न्हाईत. मी काय इचारलं न्हाई, त्यांनी काय सांगितलं न्हाई." माईंनी सालपटं सुपात झटकली. "आता इचारायचं म्हटलं तर बोलता येत न्हाई."

निवडणुका आल्या. जिल्हा परिषदेची उमेदवारी रणधीरला मिळणार हे जवळजवळ ठरलं होतं. त्यासाठी तो कॉलेजपासून राबत होता, हे मी पाहिलेलं आहे. ओढ्यावरचा पूल, मुलींसाठी बस, अशा कामांची त्याला खरोखर हौस होती. लोक हसतील, पण राजकारणात अशी माणसंही असतात, आणि मी त्यातल्याच एकाशी लग्न केलं. उमेदवाराच्या घराचा कल तपासायचा असा गटाचा नवा नियम होता. त्यासाठी आक्कासाहेब स्वतः आल्या, आबांना भेटायचं निमित्त करून.

आबांना इतका आनंद झाला की त्यांनी उठायचा प्रयत्न केला. चाळीस वर्षं ज्या घराची सेवा केली, त्या घरातलं माणूस दारात आलं होतं. डावा हात कपाळाला लावून ते मोठ्यानं म्हणाले, "धोंडी! धोंडी, धोंडी!" बसा म्हणत होते ते. चहा ठेवा म्हणत होते.

आक्कासाहेबांच्या पदरावरचा बिल्ला तांबडाभडक झाला. बरोबरच्या चौघांचेही झाले.

आक्कासाहेब वाईट बाई नाहीत. त्यांनी बिल्ल्यावर हात ठेवला, आबांच्या पायाशी बसल्या, चहाही घेतला. जाताना मला अंगणात बाजूला घेतलं.

"सूनबाई, मला समजतंय हा आजार आहे. पण ह्या चौघांनी बघितलं, आता गाव बघणार. ज्ञानदेवभाऊंच्या घरात पलीकडच्याचा जप चालतो म्हटल्यावर मी रणधीरचं नाव कुठल्या तोंडानं पुढं करू? मलाही वर उत्तर द्यावं लागतं. माझाही कल मोजतात. तुमचं शास्त्रच आहे हे. तेवढा शब्द काढता येत नाही का?"

येतो. खोटं कशाला बोलू? उपचाराची पद्धत आहे. रोग्यानं तो शब्द उच्चारायला सुरुवात केली की तळहात उभा करून थांबवायचं, प्रत्येक वेळी. शब्दाला उत्तर द्यायचं नाही. शब्द मागं हटला की मोकळ्या जागेत दुसरे शब्द उगवतात, कधी कधी. कधी कधी काहीच उगवत नाही.

"म्हणजे मुके होतील?" रात्री हे सगळं सांगितल्यावर रणधीरनं विचारलं.

"होऊ शकतात."

"संयोगिता, मी तुला कधी काही मागितलं नाही," तो म्हणाला. आणि ते खरं होतं, त्यानं खरंच काही मागितलं नव्हतं. मी मनाची समजूत घातली की उपचार शास्त्राला धरून आहे, आबांना नवे शब्द मिळतील, "माई" म्हणता येईल, "पाणी" म्हणता येईल. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आबांसमोर खुर्ची ओढून बसले.

"धों..." आबा म्हणाले. मी तळहात उभा केला.

ते थांबले. माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पुन्हा तोंड उघडलं, मी पुन्हा हात उभा केला. इतर रोगी या वेळी चिडतात, रडतात, हात झटकून देतात. काहींना शब्द आवरायला महिने लागतात. आबा चिडले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे उमटलं ते मला तेव्हा ओळखता आलं नाही. त्यांना आदेश कळला होता. हे नाव घ्यायचं नाही, असा आदेश त्यांना पूर्वीही एकदा मिळाला होता.

आठवडाभरात आबा गप्प झाले. नवे शब्द मी पुष्कळ पेरले, चित्रं दाखवली, गाणी म्हटली. एकही उगवला नाही. ऊन डोळ्यांवर आलं तर ते डोळे मिटून घेत. मोरीकडे न्यायची वेळ टळून जाई आणि मग ते मान खाली घालून बसत. आक्कासाहेबांची माणसं पुन्हा येऊन गेली, बिल्ले शांत राहिले, रणधीरची उमेदवारी पक्की झाली. गल्लीत फटाके वाजले. आवाजानं आबा दचकले, तोंड उघडलं आणि स्वतःच मिटलं.

त्या संध्याकाळी माईंनी मला स्वयंपाकघरात धरलं. या बाईचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता, तेव्हाही चढला नाही.

"माझ्या नवऱ्याकडं एक शब्द हुता," त्या म्हणाल्या. "त्यातच मला हाक मारायचे. त्यातच भांडायचे. काल मी मुद्दाम चहात साखर घातली न्हाई, म्हटलं चिडतील, कायतरी बोलतील. गपगुमान पिले. तू शिकल्याली हायस, तुझं बरोबर असंल. पण माझ्याशी बोलणारं माणूस घरातनं गेलं, ते कुणाच्या कामाला आलं तेवढं सांग."

मी रडले, आणि माईंनी मला रडू दिलं, डोक्यावरून हातबित काही फिरवला नाही.

पुढच्या आठवड्यात मी हात मांडीखाली घेऊन आबांसमोर बसले. "बोला आबा, आता कुणी अडवत नाही," म्हणाले. ते माझ्याकडे मायेनं बघत राहिले आणि बोलले नाहीत. मीच लावलेलं कुलूप मला काढता येईना. शास्त्र एवढंच सांगत होतं, की असा शब्द पुन्हा बाहेर काढायचा तर त्याच्या मुळाशी जावं लागतं. मूळ ओढ्यापलीकडे राहत होतं.

मी भर सकाळी, सगळ्यांच्या देखत ओढा ओलांडला. पारावरची माणसं म्हशी विसरून बघत राहिली. धोंडीराम कणसे अंगणात खुर्ची टाकून बसले होते. थोराड माणूस, कुस्तीत मोडलेले कान, छातीवर बिल्ला. शेजारी त्यांचा पुतण्या फोनवर कुणाला तरी झापत होता. तोडकरांची सून म्हटल्यावर त्याचं बोलणं थांबलं.

"काका, आबांनी तुमचं नाव घेतलं," मी म्हणाले.

"शिव्या दिल्या आसतील," ते म्हणाले.

मी फोनवरचं जुनं ध्वनिमुद्रण लावलं. उपचारांच्या आधीचं. व्हरांड्यातलं, मागं माईंच्या बांगड्या वाजतायत आणि आबा सकाळच्या उन्हात कुणालाच न उद्देशून हळूहळू म्हणतायत, "धोंडी... धोंडी."

म्हाताऱ्यानं ऐकलं. "परत लाव," म्हणाला. मी परत लावलं. मग सगळी हकिकत सांगितली, मी काय केलं तेही.

"काका, तुम्ही जायचं न्हाई हां," पुतण्या म्हणाला. "तोंडावर निवडणूक हाय. आपल्याच लोकांचे दिवे तांबडे हुतील. उद्या तुमचाच कल तपासा म्हणतील."

धोंडीरामांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. ते मला म्हणाले, "माझी आय गेली तवा त्यो बांधावर हुबा हुता. मला दिसला हुता. मी बी हाक मारली न्हाई. माझ्या मागं माझी मानसं हुती." त्यांनी उठायला हात पुढं केला. "चल पोरी. गुडघं दुखत्यात, हात धर."

आम्ही ओढा ओलांडून येत होतो तेव्हा गावात माणूस घरात राहिला नव्हता. कुणी काही बोललं नाही. बोलायचं म्हणजे नाव घ्यावं लागलं असतं. घराच्या फाटकाशी रणधीर धापा टाकत पोचला. त्याला फोन गेला होता.

"हे काय केलंस?" तो मला म्हणाला. "आक्कासाहेबांचा आत्ताच निरोप आला. संपलं सगळं." त्याचे डोळे भरले होते. कॉलेजपासूनची सगळी वर्षं त्यात होती, आणि मला त्याच्यासाठी फार वाईट वाटलं. अजून वाटतं. पण मी धोंडीरामकाकांचा हात सोडला नाही.

व्हरांड्यात आबा आरामखुर्चीत होते. धोंडीरामकाका पायरीशी थांबले. माईंनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि पुन्हा सूप पुढं ओढलं, हात मात्र हलत नव्हते.

"ज्ञाना," काका म्हणाले. "म्हातारा झालास की रं."

आबांचं तोंड उघडलं. आणि त्याच क्षणी त्यांची नजर माझ्या हाताकडे गेली.

मी हात झटकन पाठीमागं घेतला. तरी ते थांबूनच होते. हात दिसेनासा झाला म्हणजे परवानगी मिळाली असं ते मानत नव्हते. ज्याच्या शब्दावर अर्धं गाव मत टाकायचं तो माणूस जिवलगाला हाक मारू का, म्हणून सुनेकडं बघत होता. मला आयुष्यात तेवढी शरम कधी वाटली नाही.

"आबा," मी म्हणाले, "कुणाला विचारायचं नाही. तुमचं आहे ते."

त्यांनी नजर माझ्यावरून काढली. पायरीकडे वळवली.

"धोंडी," आबा म्हणाले.

फाटकाशी जमलेल्या लोकांच्या छातीवरचे बिल्ले पेटले, दोन्ही गटांचे. रणधीर पायऱ्या चढून वर आला. त्याला काही सुचत नसावं, म्हणून त्यानं सवयीनं माईंना विचारलं, "काय पाहिजे म्हणतायत?"

माईंनी मान वर केली.

"काय नको," त्या म्हणाल्या. "धोंडीला हाक मारतायत."